आमचं मूल हुशार आहे, आता पुढं काय? कोल्हापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आमच्या दारची बेल जास्त वाजते. पेढे घेऊन येणारे असतात, तसे तोंड पाडून येणारेही असतात. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली निम्मी तर शिष्यवृत्तीच्या जादा तासांत गेली. आता निवृत्त आहे, पण प्रश्न यायचे थांबले नाहीत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली.

बाई, पोरगं शिष्यवृत्तीत जिल्ह्याच्या यादीत आलंय. म्हणजे ते 'गिफ्टेड', उपजत असामान्य बुद्धीचंच ना?

असेलही, नसेलही. यादीवरून तेवढं सांगता येत नाही.

शिष्यवृत्तीला दोन पेपर असतात. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी १५० गुण. प्रश्न सगळे पर्यायी आणि वेळ मोजून मापून. आपल्या जिल्ह्यात या परीक्षेची तयारी कशी होते ते मी सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीत तास, रात्रीची अभ्यासिका, पन्नास-साठ सराव पेपर. असं वर्षभर घासलेलं मूल यादीत येतं ते स्वतःच्या कष्टानं, त्याचं कौतुक करायलाच हवं. पण मी स्वतः तयारी करून घेतलेल्या मुलांबद्दल सांगते. आकृत्यांची मालिका पूर्ण करायचे बावीस प्रकार पाठ झाले की तो प्रश्न बुद्धीचा राहत नाही, पाठांतराचा होतो.

उलटही होतं. खरोखर वेगळ्या डोक्याची दोन-तीन पोरं माझ्या हातून यादीबाहेर राहिली. एक तर एकाच गणितावर पंधरा मिनिटं अडून बसला, कारण त्याच्या मते चारही पर्याय चूक होते. घरी येऊन मी ते गणित पाहिलं. छपाईची चूक होती.

(ही परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेत होते. ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय शासनानं घेतला आहे. तुमच्या मुलाला कोणत्या वर्षी बसायचं ते शाळेतूनच पक्कं करून घ्या, शेजारणीच्या सांगण्यावर राहू नका.)

मग ओळखायचं कशावरून?

मी प्रश्नांवरून ओळखते. उत्तरं शिकवून येतात, प्रश्न शिकवून येत नाहीत.

चौथीच्या वर्गाला मी एक गणित घालायची. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. प्रत्येक तालुक्यातून दुसऱ्या प्रत्येक तालुक्याला थेट एसटी सोडायची, तर किती मार्ग लागतील? बरीचशी मुलं बारा गुणिले बारा करून १४४ लिहायची. कोणी म्हणायचं, "स्वतःच्याच तालुक्याला कशाला गाडी?" आणि १३२ वर यायचं. एखादंच म्हणायचं, "चंदगड-शाहूवाडी आणि शाहूवाडी-चंदगड एकच रस्ता की, बाई," आणि ६६ सांगायचं. एवढ्यावर मी खूश व्हायची. पण एका वर्षी एक मुलगी ६६ सांगून गप्प बसली नाही. तिनं विचारलं, "एक तालुका वाढला तर बाराच वाढणार ना? मग पहिल्यापासून एक-एक तालुका वाढवत आणलं तर गुणाकार लागतच नाही." शून्य, एक, दोन, तीन करत अकरापर्यंतची बेरीज तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडली होती. अक्षर कोंबडीचे पाय. चाचणीत तिचा नंबर सातवा-आठवा असायचा.

हे मूल. पहिला हात वर करणारं नव्हे, सुंदर अक्षराचं नव्हे, बाईंच्या टेबलाजवळ घुटमळणारं तर नव्हेच.

घरी करता येईल असं एक काम सांगते. एक वही करा आणि तीन आठवडे मुलाचे प्रश्न जसेच्या तसे, तारखेसह लिहा. तुमचं मत लिहू नका. कशात तास-दोन तास हरवून जातं, कोणत्या कामाला टाळाटाळ करतं, मोठ्या मुलांत रमतं का, शब्दांवरून विनोद करतं का, कुणावर अन्याय झाला की रडकुंडीला येतं का, तेही नोंदवा. एका दिवसाच्या चमकेला अर्थ नाही. एकाच विषयाभोवती प्रश्न फिरत राहिले आणि दर आठवड्याला खोल गेले, तर ती वही घेऊन वर्गशिक्षकांकडे जा. मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली मांडलेली तीन वर्तुळं मला अजून पटतात: सरासरीहून बरी क्षमता, नवं सुचणं आणि हातातलं काम तडीस नेण्याची चिकाटी. तिन्ही वर्तुळं जिथं एकमेकांवर येतात तिथं बघायचं. आपण पहिल्यालाच बघतो आणि मोकळे होतो.

आयक्यू टेस्ट करून घ्यावी का?

करावी, पण आधी कशासाठी ते ठरवा. पाहुण्यांना आकडा सांगायचा असेल तर पैसे वाचवा.

आकड्याचा अर्थ एवढाच: सरासरी १०० धरलेली असते आणि १३० च्या वर शंभरातली साधारण दोनच मुलं जातात. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं, मुलाला समोर बसवून, एकेकट्यानं घेतलेली असावी. आपल्याकडे बिने-कामत चाचणी जुनी. डॉ. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, म्हणून आपल्या सीमाभागाला ती जवळची. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची 'मिसिक' आणि आकृत्यांवरची रेव्हन चाचणीही वापरतात. घेणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा: चाचणी मुलाच्या भाषेत आहे का, आणि तिची प्रमाणकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते आकडे, किती जुनी आहेत? प्रमाणकं जुनी असली की आकडा फुगून येतो. आणि अहवालात नुसती बेरीज नको, कशात पुढं आणि कशात मागं हे वेगवेगळं दिलेलं हवं. शाळेला उपयोग त्याचाच.

मोबाईलवरची वीस प्रश्नांची आयक्यू टेस्ट म्हणजे करमणूक.

चार वर्षांचा आहे, सगळ्या देशांच्या राजधान्या सांगतो.

छान. त्याला मातीत खेळू द्या आणि पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका. या वयातला आकडा पुढं बराच हलतो, म्हणून सहा-सात वर्षांचा होईपर्यंत चाचणीची घाई नको.

शाळेतून रोज तक्रार येते. काम झालं की मस्ती करतो, दुसऱ्यांना त्रास देतो. हा कसला हुशार?

इथं मला माझीच चूक सांगावी लागेल. माझ्या वर्गात असाच एक होता. दहा गणितं दिली की सात मिनिटांत करून मोकळा, मग शेजारच्याचं पेन लपव, बाकाखाली शिर, खिडकीतून हाका मार. मी काय करायची? आणखी दहा गणितं द्यायची. तशीच. दोनेक महिन्यांत त्यानं ओळखलं की लवकर संपवणं म्हणजे शिक्षा. मग तोही सगळ्यांबरोबर चाळीस मिनिटं लावू लागला, आणि "सुधारला हो पोरगा" असं मी त्याच्या आईला सांगितलं. ते वाक्य आठवलं की आजही कानकोंडं होतं.

मस्ती करणारं प्रत्येक मूल बुद्धिमान नसतं हेही खरं. पडताळा सोपा आहे. त्याला खरंच अवघड, त्याला येत नाही असं काहीतरी द्या. मस्ती थांबली आणि मान खाली गेली, तर तो कंटाळा होता. तरीही थांबली नाही तर कारण दुसरं आहे, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा.

शाळेकडे मागायचं तरी काय? मुख्याध्यापक म्हणतात, "एकट्यासाठी वेगळं काही करता येत नाही."

बिनपैशाचं मागायचं. वेगळी तुकडी, वेगळा शिक्षक असलं मागितलंत तर दार तिथंच बंद होतं. साठ मुलांच्या वर्गात उभं राहून बघितलेलं आहे, त्यामुळे शिक्षकांची बाजूही मला कळते.

पहिलं मागणं: धडा सुरू होण्याआधी चाचणी. समजा अपूर्णांक सुरू होणार आहेत. धड्याखालच्या उदाहरणांतली दहा अवघड उदाहरणं त्याला आधीच सोडवू द्या. आठ-नऊ बरोबर आली तर त्या धड्याच्या रोजच्या सरावातून त्याला मोकळं करायचं. चुकलेलं तेवढं शिकवायचं. त्या मोकळ्या आठ-दहा तासांत त्याला एकच लांबलचक काम: शाळेच्या पावसाच्या पाण्याचा हिशेब, गावच्या आठवडी बाजारातल्या भावांचा तक्ता, काहीही. अट एकच, शेवटी त्यानं ते वर्गाला समजावून सांगायचं.

दुसरं: एकाच विषयासाठी वरच्या वर्गात बसणं. हजेरी चौथीची, गणिताचा तास सहावीत. वेळापत्रकात दोन्ही तास समोरासमोर आले की झालं. गंमत म्हणजे आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत हे आपोआप घडत आलं आहे. एका खोलीत तिसरी-चौथी. बाई चौथीला भागाकार शिकवतायत आणि तिसरीतलं एक कार्टं आपलं शुद्धलेखन सोडून तिकडं कान लावून बसलंय. त्याला "तुझं बघ" म्हणून दटावायचं नाही, एवढीच सोय पुरते.

तिसरं मागणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे जोड. कोल्हापूरकरांना हे फोडून सांगायची गरज नाही. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद आधी त्याची जोड बघतो. कायम हलक्याशी लढवलं तर पोराला वाटतं आपण जिंकायलाच जन्मलो, आणि खासबागेच्या कुस्ती मैदानात पहिल्यांदा पाठ लागली की लंगोट खुंटीला टांगतं. भारी गड्याशी रोज लढवलं तर मोडून पडतं. शाळेत आपण हुशार मुलाला वर्षानुवर्षं बिनजोड ठेवतो आणि वर त्याला 'आदर्श विद्यार्थी' करतो. एका शाळेत जोड नसेल तर आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, दहा-बारा शाळांत असेल. केंद्रप्रमुखांना सांगून महिन्यातून एक शनिवार अशा चार-पाच मुलांना एकत्र बसवता येतं. आम्ही दोन वर्षं केलं. खर्च चहा-बिस्किटांचा.

एक काम मात्र शाळेला करू देऊ नका. 'लवकर झालं ना, मग कच्च्या मुलांना शिकव' हे अधूनमधून ठीक. रोजचंच झालं तर ते मूल बिनपगारी शिक्षक होतं.

एक इयत्ता गाळून वर बसवावं का?

आमच्या आजोबांच्या वेळी 'डबल प्रमोशन' सर्रास होतं. आता शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गाची भाषा बोलतो आणि पुढं नोंदींची कटकट होते, म्हणून शाळा राजी होत नाहीत. माझं म्हणणं असं: आधी एक विषय वर नेऊन वर्षभर बघा. सगळ्या विषयांत दोन इयत्ता पुढं आणि मोठ्या मुलांत सहज मिसळणारं मूल असेल, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला जायचं असेल, तरच पुढची बोलणी.

कायद्यानं आम्हाला काही हक्क आहे का?

हक्क म्हणावा असा नाही, आधार मात्र आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परिच्छेद ४.४३ ते ४.४६ विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांवर आहेत. शाळा आणि जिल्हा पातळीवर विषयांची मंडळं, उन्हाळी निवासी शिबिरं, शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय, असं सगळं त्यात म्हटलं आहे. अर्जात परिच्छेदाचा क्रमांक घाला, अर्ज वाचला जातो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. बैठकीत विषय तुम्हीच मांडू शकता.

आणि 'आमच्याकडे फक्त हुशार मुलांनाच प्रवेश' म्हणून पहिलीच्या पोराची परीक्षा घेणारी शाळा भेटली तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ अशा चाळणीला मनाई करतं. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे.

कोणत्या परीक्षांना बसवावं?

सगळ्यांना नको. कोणती परीक्षा कोणाच्या कामाची, ते बघा.

खेड्यातलं मूल असेल, घरी अभ्यासाला जागा नसेल आणि आईवडिलांपासून लांब राहायची तयारी असेल, तर नवोदय ही निवासी शाळा. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कागलला आहे. पाचवीत असताना परीक्षा, सहावीला प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले निम्मे मानसिक क्षमतेचे. ही परीक्षा एकदाच देता येते, तेव्हा 'बघू, अनुभव म्हणून' असं करू नका. आणि मुलाला विचारा. रडत पाठवलेली मुलं पहिल्या गणपतीला घरी येतात ती परत जात नाहीत.

पैशाची अडचण असेल तर आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असावं, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार मिळतात. कितीतरी पालक उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्यानं हुकतात. तलाठ्याकडे जूनमध्येच जा.

हातानं काहीतरी करून बघणाऱ्या मुलाला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, सहावी आणि नववीसाठी. लेखीच्या पुढं प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत अशा पायऱ्या आहेत, म्हणून नुसत्या पाठांतराचं तिथं फार चालत नाही. नवं यंत्र-जुगाड सुचणाऱ्याला 'इन्स्पायर मानक': शाळेनं कल्पना ऑनलाइन पाठवायची, निवड झाली तर मॉडेल करायला १० हजार रुपये. आणि त्या ६६ वाल्या मुलीसारखं कोणी असेल तर आठवीपासून गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम. तिथं एका गणिताला अर्धा तास घालवणं गुन्हा नाही.

एनटीएसबद्दल, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेबद्दल, अजून विचारतात. १९६३ पासूनची ती योजना २०२१ नंतर थांबलेली आहे. तिच्या नावावर फी घेणारा क्लास दिसला तर हात जोडून बाहेर पडा.

तोंडी विचारलं तर दहावीची उत्तरं देतो, वाचायला बसला की अडखळतो. लिहिणं तर विचारूच नका.

आळशी म्हणू नका, मारू तर नकाच. बुद्धी दांडगी आणि त्याचबरोबर वाचन-लेखनाची अक्षमता, हे दोन्ही एका मुलात असू शकतं. एक दुसऱ्याला झाकतं. हुशारीवर कसंबसं पास होतं, म्हणून अडचण दिसत नाही. अडचणीमुळे गुण कमी, म्हणून हुशारी दिसत नाही. पाचवी-सहावीपर्यंत निभावतं, मग उत्तरं लांब झाली की कोसळतं. तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असलं की दहावी बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण धावपळ दहावीच्या जानेवारीत करायची नसते. आणि मदत दोन्हींची एकदमच हवी. वाचनाची शिकवणी लावली म्हणून आवडीचं विज्ञान बंद केलं, तर त्याला शाळेत यायला कारणच उरत नाही.

आमच्या शाळेत ऊसतोड मजुरांची मुलं हंगामापुरती येतात. त्यांच्यात कोणी असं असेल का? (एका तरुण शिक्षिकेचा प्रश्न)

असतं. आपण बघत नाही.

कागल तालुक्यात असताना बीडकडची एक आठ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात बसायची. पटावर नाव नव्हतं, वाचता येत नव्हतं. एके सकाळी बाहेर उसाची बैलगाडी चाललेली. मी सहज विचारलं, "किती असेल गं वजन?" ती म्हणाली, "काल गाडीत दोनशे मोळ्या व्हत्या, काट्यावर अडीच टन भरलं. मंजी मोळी साडेबारा किलोची. आज ऊस जाड हाय, चौदाची धरा. पावणेतीनाच्या वर जातंय बघा." मी फळ्यावर करून बघितलं. २.८ टन. मला खडू लागला, तिला लागला नाही.

तिला त्याच दिवशी पटावर घेतली. तसं घेता येतं, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि टोळी गेली. जाताना पुढच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड दिलं, त्यावर जागा होती तेवढ्यात 'गणितात असामान्य' असं लाल शाईनं लिहिलं. पुढं कुणी वाचलं का, माहीत नाही. तुम्ही लिहा. आणि चाचणी घ्यायची वेळ आली तर अशा मुलांची तोंडी घ्या, त्यांच्या हिशेबांतली घ्या.

अभ्यासात जेमतेम आहे, पण चित्र काढतो, पळतो, गातो. तेही यात येतं का?

येतं. कोल्हापुरात हा प्रश्न पडावा याचंच नवल. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर कुठल्या कलाशाळेत शिकले नव्हते. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय देणारं हे गाव. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं, आणि त्याची सुरुवात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली. म्हणजे कुणीतरी वेळेवर चाचणीला नेलं होतं. शाळेकडे इथंही तेच मागा: सरावासाठी वेळ, बुडालेल्या तासांची भरपाई, आणि 'आधी गणितात पास हो, मग मैदानावर जा' ही धमकी बंद.

पुण्याला पाठवावं का?

पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते. त्यांच्याकडून चाचणी, मार्गदर्शन जरूर घ्या. पण दहा वर्षांचं पोर उचलून तिकडं ठेवायच्या आधी इथलं काय वापरून झालं ते विचारा स्वतःला. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे. तुमच्या मुलाचं तिथं खातं आहे? टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, एवढ्या एका प्रश्नावर इतिहासवेड्या मुलाचे सहा महिने जातील. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकांना मुलाच्या हातानं पत्र लिहायला लावा. मी पाठवलेल्या मुलांना अजून कुणी हाकलून दिलेलं नाही.

जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा, हे आपण अभिमानानं सांगतो. वाढले ते बनारसला, हे जरा हळू सांगतो. जावं लागलं तर जावं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वसतिगृहं काढली ती याचसाठी, की खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा हवी. मात्र त्या पोराला तिथं सोबत होती, आपल्यासारखी पोरं होती. तुमच्या मुलाला तिकडं कोण असेल, ते आधी बघा.

क्लास लावावा का?

त्याच्याहून अवघड गणितं देणारा असेल तर लावा. शाळेतलंच आठ दिवस आधी शिकवणारा असेल तर शाळेतला कंटाळा तुम्ही पैसे देऊन विकत घेताय.

तुम्हाला भेटायला कधी येऊ, आणि फी किती?

शनिवारी दुपारी चारनंतर. फी नाही. मुलाला सोबत आणा, पण अर्धा तास तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसायचं. गुणपत्रिकांची फाईल घरी ठेवा, प्रश्नांची वही आणा. तीन आठवडे भरले नसतील तर भरल्यावर या. आणि पेढे नकोत, मला शुगर आहे.